उपऱ्याचं गाव : साल्झबर्ग आणि तीन पुस्तकं

(व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आवाज नीट येतोय ना सगळ्यांना? ठीक. मागच्या खेपेला व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने प्रश्न विचारला होता. त्यांचा मुलगा युरोपातल्या एका छोट्या गावात नोकरीला गेलाय. ते म्हणाले, 'सर, तत्त्वज्ञानात याला काही उत्तर आहे का, की माणूस परक्या गावात किती वर्षांनी तिथला होतो?' मी तेव्हा वेळ संपल्याचं कारण सांगून सुटका करून घेतली. खरं म्हणजे मला उत्तर सुचलं नव्हतं. आज प्रयत्न करतो.

प्रयत्न हवेत नको म्हणून मी एक गाव निवडलंय, ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग. माझी मुलगी आणि जावई तिथे नोकरी करतात. मी आणि माझी पत्नी तीन खेपांत मिळून आठ-नऊ महिने तिथे राहिलो. म्हणजे मी काही तिथला परदेशस्थ नागरिक नव्हे. परदेशस्थांचा बाप आहे. बाहेरच्या माणसाचाही पाहुणा. पण तिथे बसून मी त्या गावाशी जोडलेल्या तीन लेखकांची पुस्तकं वाचली, इंग्रजी अनुवादातून, अडेल तिथे मूळ जर्मन उघडून. आज त्या तीन पुस्तकांची चिकित्सा करायची आहे. त्यांनी आपल्याला काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही, असं दोन्ही.

आधी शब्दाचं बघू. हल्ली 'एक्स्पॅट' हा शब्द आपल्याकडेही रुळलाय. आमची मुलगी एक्स्पॅट. तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक बाई राहतात, मूळच्या बोस्नियाच्या, तीसेक वर्षं हॉटेलांत खोल्या साफ करण्याचं काम करतायत. त्यांना कोणी एक्स्पॅट म्हणत नाही. त्या स्थलांतरित. आता मला सांगा, दोघी परदेशातून आल्या, दोघी कामासाठी राहिल्या, मग फरक कशाचा? पगाराचा. थोडा रंगाचा आणि पासपोर्टचा पण बराचसा पगाराचाच. ऑस्ट्रियाने 1964 साली तुर्कस्तानशी आणि 1966 साली युगोस्लाव्हियाशी कामगार आणण्याचे करार केले, तेव्हा त्या माणसांसाठी जर्मन शब्द वापरात होता 'गास्टआर्बायटर'. पाहुणा-कामगार. म्हणजे काम कर, पण पाहुण्यासारखा ये आणि पाहुण्यासारखा जा. पाहुण्याला आपण कामाला लावतो का हो? शब्दातच खोट आहे. आणि तिथल्या बोलीत, बाहेरून येऊन राहिलेल्या कुणालाही, मग तो शेजारच्या जिल्ह्यातून आलेला का असेना, 'झुआग्रोस्तर' म्हणतात. प्रवास करून आलेला. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे : उपरा. लक्ष्मण माने यांनी 1980 साली आपल्या आत्मकथनाला हे नाव दिलं, तेव्हा त्यांनी दाखवून दिलं की उपरा व्हायला देश सोडावा लागत नाही. गावाच्या कडेला पाल ठोकून राहिलेला माणूस आपल्याच मुलखात उपरा असू शकतो. ही गोष्ट शेवटी पुन्हा लागणार आहे.

आता गाव. वस्ती साधारण दीड लाख, आपल्या साताऱ्याच्या आसपास धरा. मधून साल्झाख नदी वाहते. एका टेकडीवर किल्ला, त्याचं बांधकाम 1077 साली सुरू झालं. नावातच मीठ आहे. आसपासच्या डोंगरांतल्या मिठावर हे गाव श्रीमंत झालं. जुनं गाव 1996 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पाऊस असा, की त्याला तिथे 'दोऱ्यांचा पाऊस' असं नाव आहे, दिवसचे दिवस सरळ धागे लटकल्यासारखा. कोकणातल्या माणसाला त्याचं कौतुक वाटणार नाही, पण तो बर्फाइतका थंड असतो एवढा फरक. रविवारी दुकानं बंद. दूध संपलं तर रेल्वे स्टेशनवर जा. जिन्यात कोणीही भेटलं तरी 'ग्र्यूस गॉट' म्हणायचं, म्हणजे शब्दशः देवाचा नमस्कार. आपल्या 'राम राम'सारखंच की.

पर्यटक हे सगळं तीन दिवसांत बघतो आणि म्हणतो, काय सुंदर, काळ जणू थांबलाय. राहणाऱ्याला पहिल्या आठवड्यात कळतं की काळ वगैरे काही थांबलेला नाही, थांबलेलं आहे ते भाडं आवाक्यात येणं. आणि हे गाव कायम तसंच होतं, हा समजही खोटा. 1803 पर्यंत साल्झबर्ग हे आर्चबिशपचं स्वतंत्र राज्य होतं, ते कायमचं ऑस्ट्रियात आलं 1816 साली. म्हणजे जे आजोबा मला बसमध्ये 'आम्ही ऑस्ट्रियन लोक' असं सांगत होते, त्यांचे खापरपणजोबा एक दिवस सकाळी उठले आणि कुठेही न जाता दुसऱ्या देशाचे झाले.

या गावाने माणसं बाहेरही काढली. 1498 साली आर्चबिशप कोइट्शाख यांनी ज्यूंना हाकललं. त्यांना पुन्हा कायद्याने वस्ती करता आली ती 1867 नंतर. 1731 साली आर्चबिशप फिर्मियान यांनी फर्मान काढलं की प्रोटेस्टंटांनी राज्य सोडावं. सुमारे वीस हजार माणसं गेली, बहुतेक डोंगरातले शेतकरी आणि त्यांची गडीमाणसं. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्यांना मुदत होती आठ दिवसांची, आणि वेळ थंडीची. त्यांतले बरेच 1732 मध्ये प्रशियाच्या पूर्व भागात, क्यॉनिग्सबर्गच्या वाटेने जाऊन वसले. त्या वर्षी क्यॉनिग्सबर्गमध्ये एका खोगीर-पट्टे करणाऱ्या कारागिराचा आठ वर्षांचा मुलगा राहत होता. त्याचं नाव इमान्युएल कांट. मी यावरून काही सिद्ध करत नाहीये. दोन तारखा फक्त शेजारी शेजारी ठेवतोय. कांटने पुढे 1795 साली 'शाश्वत शांतता' या निबंधात लिहिलं की परक्या माणसाला शत्रूसारखं न वागवलं जाण्याचा हक्क आहे. ती कुणाची दया नव्हे. पण तिथेच तो एक रेघ ओढतो : हा हक्क भेट देण्याचा आहे, मुक्काम करण्याचा नाही. मुक्कामाला वेगळा करार लागतो. आजची सगळी व्हिसाव्यवस्था या रेघेवर उभी आहे असं म्हटलं तरी चालेल.

ती रेघ मी प्रत्यक्ष पाहिली. ऑस्ट्रियात घरात राहायला आलं की तीन दिवसांच्या आत नोंद करावी लागते. अर्जावर आसरा देणाऱ्याची सही लागते. भाडेकरार जावयाच्या नावावर, म्हणजे सही जावयाची. माझ्या आजोबांच्या पिढीत मुलीच्या घरी पाणीही पीत नसत, आणि इथे मी सरकारी कागदावर जावयाचा आश्रित. (हशा.) हसा, हसा. मीही हसलो. पण कागद घेऊन परत येताना मला जरा विचित्र वाटलं, आणि ते का वाटलं हे मला पहिल्या पुस्तकात सापडलं.

पहिलं पुस्तक, श्टेफान झ्वाइग यांचं 'कालचं जग'. झ्वाइग मूळ व्हिएन्नाचे, ज्यू, त्या काळी जगात सर्वांत जास्त अनुवाद होणाऱ्या लेखकांपैकी एक. 1919 ते 1934 ते साल्झबर्गमध्ये राहिले, कापुझिनरबर्ग नावाच्या टेकडीवरच्या जुन्या घरात. तिथे चढून जाताना वाटेवर ख्रिस्ताच्या अखेरच्या प्रवासाची देवळं लागतात. मी चढलोय, गुडघे दुखेस्तोवर. त्या घरात थॉमस मान आले, रोमाँ रोलाँ आले, जेम्स जॉइस, राव्हेल, बार्टोक आले. तिथे बसून 1922 साली त्यांनी भारतात घडणारी एक दंतकथाही लिहिली, विराट नावाच्या योद्ध्याची. त्याआधी ते भारतात येऊन गेले होते, आणि याच पुस्तकात ते सांगतात की पहिल्या महायुद्धापूर्वी ते पासपोर्टशिवाय भारतात आणि अमेरिकेत हिंडले, तरुणांना हे सांगितलं तर ते चकित होतात.

पुस्तक सुंदर आहे. वाचलं नसेल तर वाचा. पण टीकाकार म्हणून मला एक तक्रार नोंदवायची आहे. साल्झबर्गवरच्या त्या पानांत साल्झबर्गची माणसं जवळजवळ नाहीत. पाहुणे आहेत, कलावंत आहेत, खिडकीतून दिसणारे डोंगर आहेत, समोरच्या बेर्खटेसगाडेनच्या डोंगरावर तेव्हा कुणाला माहीत नसलेला हिटलर नावाचा माणूस राहत होता हेसुद्धा आहे. पण दूध घालणारा, शिंपी, शाळामास्तर, पोस्टमन यांना नाव नाही. झ्वाइग गावात राहिले नाहीत, गावाच्या वर राहिले. त्यांचं गाव युरोप होतं. साल्झबर्ग हे रेल्वेच्या दृष्टीने सोयीचं ठिकाण होतं. आजच्या पुष्कळ एक्स्पॅट मंडळींचं हेच आहे. चांगली हवा, चांगली शाळा, दोन तासांत म्युनिक विमानतळ. गावाशी भांडण नाही, कारण गावाशी काही देणंघेणंच नाही.

आणि मग 1934 च्या फेब्रुवारीत पोलीस त्यांच्या घराची झडती घ्यायला आले. शस्त्रं शोधायला, एका शांततावाद्याच्या घरात! झ्वाइग लगेच लंडनला निघून गेले. 30 एप्रिल 1938 ला साल्झबर्गच्या रेसिडेन्झ चौकात पुस्तकांची होळी झाली, त्यात झ्वाइग यांचीही पुस्तकं होती. ऑस्ट्रियाच गिळंकृत झाल्यावर त्यांचा पासपोर्ट निरर्थक झाला आणि त्यांना ब्रिटिशांकडे देशहीन माणसाचा कागद मागावा लागला. इथे झ्वाइग एक फार मोलाचं निरीक्षण नोंदवतात. जुना पासपोर्ट हा त्यांचा हक्क होता. नवा कागद ही मेहेरबानी होती, आणि मेहेरबानी कधीही काढून घेता येते. माणूस तोच, कागदावरचा फोटोही तोच, पण आतली पाठीची ताठ काढून घेतलेली.

जावयाची सही घेऊन येताना मला जे वाटलं त्याची ही मोठी, भयानक आवृत्ती. तुलना करत नाही. माझ्या खिशात परतीचं तिकीट होतं. पण प्रश्नाचा आकार तोच. परक्या गावात राहणं म्हणजे हक्काच्या प्रदेशातून कृपेच्या प्रदेशात जाणं. पगार कितीही असो. माझी मुलगी तिथे कर भरते, पण भारतीय नागरिक म्हणून तिला गावच्या महापौराच्या निवडणुकीत मत नाही. जर्मनीहून किंवा इटलीहून आलेल्या शेजाऱ्याला आहे, कारण तो युरोपीय संघाचा नागरिक. तिला नागरिकत्व हवं असेल तर साधारणपणे दहा वर्षांचं वास्तव्य लागतं आणि भारताचं सोडावं लागतं. दोन्ही देशांचे कायदे त्याबाबतीत कडक.

दुसरं पुस्तक याच्या बरोबर उलटं. थॉमस बर्नहार्ड. जन्म 1931, हॉलंडमध्ये, आई अविवाहित, घरकामाला गेलेली. वाढला आजोळी, आणि तेराव्या वर्षाच्या सुमाराला साल्झबर्गच्या वसतिगृहात. 1975 साली त्याने 'कारण' या नावाचा आत्मकथनाचा पहिला खंड लिहिला. साल्झबर्गला इतक्या शिव्या कुणी दिल्या नसतील. त्याचा मुख्य आरोप असा, की वसतिगृहात युद्ध संपेपर्यंत हिटलरचा फोटो होता, युद्धानंतर त्याच जागी क्रूस आला, आणि बाकी काहीही बदललं नाही. तीच शिस्त, तीच मारहाण, तोच हात वर करणं आणि तेच हात जोडणं. 1944 च्या ऑक्टोबरात पहिला बॉम्बहल्ला झाला, कॅथीड्रलचा घुमट कोसळला, ते दृश्यही त्यात आहे. एका धर्मगुरूने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि पुढच्या आवृत्त्यांतून काही मजकूर काढावा लागला.

बर्नहार्ड वाचताना आपण दमतो. परिच्छेद नाहीत, तेच वाक्य फिरून फिरून येतं, वरच्या पट्टीत. पुष्कळ समीक्षक म्हणतात ही अतिशयोक्ती आहे. आहेच. तो स्वतः अतिशयोक्ती हीच आपली पद्धत मानतो. माझा मुद्दा वेगळा आहे. मला असं विचारायचंय की इतका शिव्या द्यायचा अधिकार त्याला आला कुठून?

हे मी घरी मुलीला विचारलं. म्हटलं, 'तू या गावाबद्दल कधी वाईट बोलत नाहीस.' ती म्हणाली, 'बाबा, मी कशी बोलू? लगेच म्हणतील, मग परत जा.' हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पाहुण्याने जेवणात मीठ कमी आहे म्हणायचं नसतं. तो 'छान झालंय' म्हणतो. घरचा माणूस म्हणतो, 'आज आमटी पाणचट झालीय.' एखाद्या गावात आपण राहतो की फक्त उतरलोय, हे ओळखायची एक खूण यातून मिळते : तुम्हाला तिथे तक्रार करता येते का? आणि केली तर ती कुणी गावातल्या माणसाची तक्रार म्हणून ऐकतं का, की 'परत जा' म्हणतं?

त्या खालच्या मजल्यावरच्या बाई. एकदा मी त्यांच्यासोबत बसची वाट बघत उभा होतो. साल्झबर्गमध्ये वरच्या तारेवर चालणाऱ्या विजेच्या बस आहेत, जुनी पद्धत आहे तिथली. बस सहा मिनिटं उशिरा. बाई जे काही बोलल्या! नगरपालिका, महापौर, पर्यटक, उन्हाळ्यातला संगीत महोत्सव, कुणाला सोडलं नाही. मला निम्मंच कळलं, कारण त्या बोलीत बोलत होत्या. थांब्यावरच्या दोन स्थानिक बायका मान डोलावत होत्या, एकीने भर घातली. मला त्या क्षणी वाटलं, ही बाई साल्झबर्गची आहे. पासपोर्ट कुठला का असेना.

पण सावध राहू. ही खूण पुरी नाही. त्यांनीच मला नंतर सांगितलं की अजूनही वर्षातून दोन-तीनदा कुणीतरी विचारतं, 'मग तुम्ही घरी कधी जाणार?' आणि ज्या घराबद्दल ते विचारतात ते युद्धात जळलं.

बर्नहार्डकडे परत येऊ, कारण त्याच्या दुसऱ्या खंडाकडे टीकाकारांनी पुरेसं लक्ष दिलं नाही असं मला वाटतं. 1976 चा 'तळघर'. त्यात तो सांगतो की एक दिवस शाळेच्या वाटेवर त्याने ठरवलं, आता विरुद्ध दिशेने जायचं. तो रोजगार कचेरीत गेला आणि गावाच्या कडेच्या एका वस्तीत, शेर्त्सहाउजरफेल्ड नावाच्या, तळघरातल्या किराणा दुकानात उमेदवारीला लागला. ही वस्ती म्हणजे साल्झबर्गची लाज. गरीब, दारुडे, तुरुंगातून सुटलेले. पाहुण्यांना दाखवायचं नाही असं गाव. आणि त्या दुकानात बटाट्याची पोती उचलताना, बायकांना पीठ मोजून देताना त्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत. इथे त्याची शिवी थांबते. याच खंडात तो साल्झबर्गबद्दल जवळजवळ प्रेमाने लिहितो, फक्त ते साल्झबर्ग पोस्टकार्डवरचं नाही.

म्हणजे झ्वाइग टेकडीवर राहिले आणि गाव त्यांना दिसलं नाही. बर्नहार्ड तळघरात उतरला आणि त्याला गाव मिळालं. हे फार नीटनेटकं वाक्य झालं, मला माहितीये. खोडून काढायला सोपं आहे. झ्वाइग तळघरात उतरले असते तरी 1938 साली त्यांना हाकललंच असतं. उपयोगी पडल्याने माणूस आपला होतो हे खरं, पण उपयोगी असूनही हाकलला जातो हेही खरं. 1731 चे शेतकरी काय निरुपयोगी होते?

म्हणून तिसरा लेखक लागतो. जाँ आमेरी. खरं नाव हान्स मायर, जन्म व्हिएन्नात 1912, बालपणाचा काही भाग बाड इशलमध्ये, साल्झबर्गपासून फार दूर नाही, आईची तिथे खाणावळ होती. वडील ज्यू, मुलगा कॅथलिक संस्कारात वाढलेला. 1938 नंतर बेल्जियमला पळाला, तिथे प्रतिकार चळवळीत पकडला गेला, छळ झाला, ऑशविट्झमधून जिवंत परतला. 1966 च्या पुस्तकात त्याचा एक निबंध आहे, त्याचं शीर्षकच प्रश्न आहे : माणसाला किती मायभूमी लागते?

त्यातला एक प्रसंग सांगतो. ब्रुसेल्समध्ये त्यांचा गट चोरून पत्रकं छापायचा. एक दिवस दारावर थाप. खालच्या मजल्यावर राहणारा एक नाझी शिपाई, झोपमोड झाली म्हणून चिडून वर आलेला. आत काय चाललंय याची त्याला कल्पना नाही. तो ओरडला, आणि आमेरीला ऐकू आली ती आपल्या गावाकडची बोली. भीतीने गार पडलेला असतानाही त्याच्या मनात एक वेडी ऊर्मी उठली, की त्याच बोलीत उत्तर द्यावं. तो गप्प राहिला. त्या क्षणी त्याला कळलं की आपलं गाव आता शत्रू आहे, आणि तरी आपल्या कानाला तेच गाव हवंय.

तत्त्वज्ञानात मी पन्नास वर्षं काढली. घर आणि परकेपण यांच्यावर इतकं खरं पान मी क्वचितच वाचलंय. आमेरीचं उत्तर साधारण असं आहे, की जितकी कमी मायभूमी तुम्हाला बरोबर नेता येते तितकी ती जास्त लागते. ज्याच्याकडे धर्म, पैसा, कीर्ती असं फिरतं सामान आहे त्याचं निभतं. नसेल त्याचं अवघड. आणि गेलेली मायभूमी दुसरीकडे नव्याने मिळत नाही, कारण मायभूमी म्हणजे बालपणीचा मुलूख. 1978 साली आमेरीने याच साल्झबर्गमधल्या एका हॉटेलात स्वतःचं आयुष्य संपवलं.

अशा माणसाशी मतभेद नोंदवायला संकोच वाटतो. पण तो वाचकाचं आपल्याशी सहमत होणं गृहीत धरत नाही, म्हणून नोंदवतो. 'बालपणाचा मुलूख गेला की दुसरा मिळत नाही', हे माणसाबद्दलचं सत्य म्हणून तो मांडतो. मी विचारतो, कुठल्या माणसाबद्दल? आपल्या भाषेत एक शब्द आहे जो या निबंधापुढे ठेवायला हवा. माहेर. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अर्ध्या समाजाला, म्हणजे बायकांना, बालपणाचा मुलूख सोडून परक्या गावात पाठवलं गेलं. नाव बदललं, कुलदैवत बदललं, कालवणाची चव बदलली. आणि तिथे रुजायचं ही अपेक्षा, तक्रार करायची नाही ही अट. माझी आजी अकराव्या वर्षी देशावरून कोकणात दिली गेली. 'काय वं' म्हणणारी मुलगी 'काय गो' म्हणायला शिकली. सत्तर वर्षं त्या गावात राहून ती शेवटपर्यंत 'आमच्याकडे' म्हणायची, आणि त्याचा अर्थ कधी माहेर असे, कधी सासर. ऐकणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचं.

मी याचं गोडवं गात नाहीये. त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं. तिच्या जात्यावरच्या ओव्यांत किती रडणं होतं ते मी लहानपणी ऐकलंय. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या बायकांनी अनुभवाने हे सिद्ध केलं की माणसाला दोन 'आमच्याकडे' असू शकतात. दुसरं पहिल्याची जागा घेत नाही. पहिलं पुसलं जात नाही. दोन्ही अपुरी राहतात आणि तरी माणूस उभा राहतो. झ्वाइग, बर्नहार्ड, आमेरी तिघेही पुरुष. घर सोडावं लागणं हा त्यांच्यासाठी आयुष्यातला अपघात होता. आमच्या आज्यांसाठी तो जगण्याचा नियमच होता. युरोपातल्या या चर्चेत आपण काही भर घालू शकत असू तर ती इथे.

आणि आमेरीचं बळ कुठे आहे तेही माहेर या शब्दामुळेच स्पष्ट होतं. सासर कठीण असलं तर निदान माहेर आहे, हा आधार. आमेरीचं माहेरच त्याच्या जिवावर उठलं. त्या स्थितीला आपल्याकडे शब्द नाही, आणि माझी टीका तिथे लागू पडत नाही. हे मान्य करून पुढे जातो.

आता शेवटचा भाग. थोडा अवघड आहे बोलायला.

साल्झबर्गच्या फुटपाथवर जागोजागी पितळेच्या छोट्या पट्ट्या बसवल्या आहेत. इथे अमुक राहत होते, अमुक साली नेले, अमुक ठिकाणी मारले. वाकल्याशिवाय वाचता येत नाहीत. एका संध्याकाळी अशी एक पट्टी वाचताना मी पत्नीला म्हणालो, 'शेजाऱ्यांनी काहीच कसं म्हटलं नाही?' ती म्हणाली, 'तुम्हाला आपल्या सोसायटीची ती मीटिंग आठवते का?'

आठवत होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्यातली आमची सोसायटी. एका सभासदाला आपला फ्लॅट मणिपूरहून शिकायला आलेल्या तीन मुलांना भाड्याने द्यायचा होता. सभेत लोक म्हणाले, त्यांच्या स्वयंपाकाचा वास येतो, उशिरापर्यंत जागतात, आपल्यातले नाहीत. शेवटी हात वर करा म्हणाले. मी त्या काळात एम.ए.च्या वर्गाला कांटचा तोच निबंध शिकवत होतो. मी हात वर केला. नकाराच्या बाजूने. कुणाशी वाईटपणा नको म्हणून. ती तीन मुलं कुठे गेली मला माहीत नाही. आपल्याच देशाचे नागरिक होते ते. त्यांना तर भेटीच्या हक्कापलीकडचा, मुक्कामाचा हक्क होता. आम्ही त्याची मेहेरबानी करून टाकली, आणि मग तीही नाकारली.

1938 ची आणि आमच्या सभेची मी बरोबरी करत नाही, तो उथळपणा होईल. पण जी बाई मुलीला 'परत जा' म्हणू शकते तिच्यावर रागावण्याचा माझा अधिकार त्या सभेत मी घालवून बसलो, हे मला साल्झबर्गमध्ये कळलं. पुण्यात पन्नास वर्षं राहून कळलं नव्हतं.

तर प्रश्नकर्त्या श्रोत्याला उत्तर. परक्या गावात माणूस किती वर्षांनी तिथला होतो? वर्षांवर नाही. मला तीन गोष्टी दिसतात. त्याचं राहणं कुणाच्या मर्जीवर नसून हक्कावर असणं, हे झ्वाइग सांगतात. त्याचं काम गावातल्या कुणाला तरी लागणं आणि त्याची तक्रार गावाने आपली म्हणून ऐकणं, हे बर्नहार्डमधून मिळतं. आणि आधीचं गाव पुसून टाकायची अट कुणी न घालणं, हे आमेरीशी भांडताना आजीने मला सांगितलं. यातली काम करण्याची गोष्ट तेवढी तुमच्या मुलाच्या हातात आहे. बाकीच्या गावाच्या हातात. म्हणून तुमचा प्रश्न मुलाला विचारण्याइतकाच तुमच्या स्वतःच्या गावाला, गल्लीला, सोसायटीलाही विचारा. तिथे आलेला माणूस किती वर्षांनी तिथला होतो, आणि तुमचा हात कुठल्या बाजूने वर जातो?

माझा नातू पाच वर्षांचा आहे. तिथल्या बालवाडीत बोली शिकलाय. फोनवर मला 'आजोबा, तू कधी येणार?' असं विचारतो. आई सांगते, 'तुम्ही म्हण.' त्याचा गोंधळ होतो, कारण जर्मनमध्ये घरच्या मोठ्या माणसाला 'तू' म्हणतात आणि परक्याला 'तुम्ही'. त्याला वाटतं, आजोबांना तुम्ही म्हटलं तर ते परके होतील. मी मुलीला म्हटलं, राहू दे, तू म्हणू दे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.